पाणपोईची उलटतपासणी

अरविंद हसबनीस माणूस आहेत की यंत्र, यावर ज्या दिवशी मतदान होणार होतं, त्या सकाळी ते गॅलरीत बसून पेरू खात होते.

"ऋजू! ए ऋजू!"

"काय बाबा?"

"जरा ये गं. माझी अब्रू चालली आहे."

ऋजुता आतल्या खोलीत कामाला बसली होती. सकाळपासूनची ही कितवी हाक, याचा हिशेब तिनं सोडून दिला होता. आधी चष्मा सापडत नव्हता, मग गरम पाणी हवं होतं, मग पेरूला मीठ कमी होतं. आई गेल्यापासून ती सांगलीच्या या घरात बापाजवळ राहत होती, आणि घर कसं चालतं असं कुणी विचारलं असतं तर हाकांवर चालतं असं तिनं सांगितलं असतं. ती उठून गॅलरीत आली.

"वळचणीवाल्यांनी मला उभं केलंय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि कौतुक जास्त होतं. मांडीवरचा टॅबलेट त्यांनी तिच्याकडे सरकवला.

वळचण हे मराठीतून गप्पा मारायचं एक छोटं संकेतस्थळ होतं. रोज बोलणारी माणसं शंभराच्या आत. मोठ्या समाजमाध्यमांवर तोवर यंत्रांची इतकी गर्दी झाली होती, की यंत्रंच यंत्रांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत आणि यंत्रंच त्यांचे आभार मानत. माणसं कंटाळून उठली आणि असल्या बारक्या बारक्या जागी येऊन बसली. वळचणीत फोटो चालत नसत, आवाज चालत नसे, खरं नावही चालत नसे. स्वतःच्या बोटांनी लिहायचं आणि टोपणनावानं ओळखलं जायचं. बाबांचं टोपणनाव होतं पाणपोई, कारण कुणी काहीही विचारो, जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांपासून जुन्या मिक्सरच्या ब्रशपर्यंत, हे उत्तर द्यायला हजर. आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात 'नमस्कार मंडळी' अशी.

यंत्रांना बाहेर ठेवण्यासाठी वळचणीत 'ठेका' होता. माणूस कळफलकावर लिहितो तेव्हा दोन अक्षरांच्या मध्ये तो किती थांबतो, ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. काना देताना कुणाचं बोट रेंगाळतं, जोडाक्षर आलं की कुणी श्वास घेतल्यासारखं थबकतं. मेंदूतून निघालेला हुकूम बोटाच्या टोकापर्यंत पोचायची वाट प्रत्येकाची वेगळी, म्हणून हा ताल एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. एखाद्या दिवशीच्या तालाची नक्कल यंत्र करू शकतं. पण वर्षानुवर्षं, थकव्यानं, थंडीनं, वयानं रोज किंचित बदलत जाणाऱ्या तालाची नक्कल अजून कुणाला जमली नव्हती. ठेका सलग काही आठवडे चुकला, की वळचणीत त्या सभासदाची उलटतपासणी लागे. सगळ्यांसमोर त्याला उभं करायचं, कुणीही काहीही विचारायचं, त्यानं लगेच उत्तर द्यायचं, आणि शेवटी मतदान.

या उलटतपासणीत हळूहळू एक विचित्र गोष्ट घडत गेली होती. यंत्रं कुणाला दुखवत नसत. ते त्यांच्या घडणीतच होतं, कायद्यानंही होतं. कितीही डिवचलं तरी ती समजूतदारपणेच बोलत. त्यामुळे खोचक बोलणं, जिव्हारी लागेल असं बोलणं, ही माणूस असल्याची खूण ठरली. सुरुवातीला ही थट्टा होती. मग सवय झाली, आणि सवयीचा केव्हा नियम झाला ते कुणाला कळलं नाही. नवा सभासद दारात आला की विचारत, तुझ्या सख्ख्या भावाबद्दल एक वाईट गोष्ट सांग. जो सांगे, तो आत येई.

अशा ठिकाणी अरविंद हसबनीस बारा वर्षं 'नमस्कार मंडळी' म्हणत टिकले होते.

"वाच ना मोठ्यानं," ते म्हणाले.

ऋजुतानं वाचलं. कडूकारलं नावाच्या कुणीतरी सुरुवात केली होती: 'पाणपोईला महिन्याभरापासून उचकी लागली आहे. ठेका बघा. म्हातारा केव्हाच खपला असणार, घरच्यांनी यंत्र बसवलंय.' त्याखाली टिनपाट: 'पेन्शन बंद होऊ नये म्हणून.' त्याखाली लवंगी: 'पाणपोई, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही कुणाला मूर्ख म्हटलेलं नाही. मला पहिल्या दिवसापासून संशय आहे.'

बाबा खुदकन हसले. "लवंगी फार वात्रट बाई आहे. आवडते मला."

"मग द्या की उत्तर."

"बोटं ऐकत नाहीत गं आज." पेरूची फोड त्यांच्या डाव्या हातात होती. उजवा हात मांडीवर पडला होता. "तू लिही, मी सांगतो."

"बाबा, मला बारापर्यंत काम पाठवायचंय."

"दोनच मिनिटं. हे बघ, लवंगी विचारतेय, बायकोची न आवडणारी एक गोष्ट सांगा. लिही. लवंगीबाई, माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. ती असती तर तिनं तुम्हाला चपलेनं बडवलं असतं आणि मी मधे पडलो नसतो. तुम्ही निव्वळ नालायक बाई आहात. लिहिलंस?"

ऋजुताची बोटं थांबली. "हे काय बोलताय? असं लिहितात का कुणाला?"

"तिथे असंच लिहितात. नालायकच्या पुढे उद्गारचिन्ह दे."

तिनं लिहिलं: 'आदरणीय लवंगीबाई, आपला प्रश्न मनाला वेदना देणारा असला तरी आपल्या कुतूहलाचा मी आदर करतो. दिवंगत पत्नीच्या आठवणी खाजगी ठेवण्याची मुभा मला असावी, ही नम्र विनंती.'

हे लिहायला तिला विचार करावा लागला नाही. तिचा तोच धंदा होता. पुण्याची एक कंपनी यंत्रांचं मराठी तिच्याकडे पाठवी. बँकेत, दवाखान्यात, विमानतळावर यंत्रं माणसांशी जे बोलतात, त्यातले खडे ती वेचून काढी. वाचन दांडगं, कान तयार, स्वभाव मुळातच बेताचं बोलण्याचा. तिच्या हाताखालून गेलेलं वाक्य कुणाला टोचत नसे.

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"नालायक लिहिलंस ना?"

"हो बाबा."

आणखी दोन प्रश्न आले. दोन्ही वेळा त्यांनी झणझणीत काहीतरी सांगितलं आणि दोन्ही वेळा तिनं ते धुऊन पुसून पाठवलं. मग ती कामाला गेली. जेवायच्या सुमारास निकाल लागला. पाणपोई यंत्र ठरला. लवंगीनं मत देताना लिहिलं होतं: 'सभ्यपणाचा इतका गुळगुळीत दगड नदीत सापडत नाही, कारखान्यात पाडावा लागतो.'

ऋजुता ताटं घ्यायला आली तेव्हा बाबा टॅबलेटवर मागे मागे जाऊन वाचत होते. तिनं लिहिलेली तिन्ही उत्तरं त्यांनी वाचली.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "शुद्धलेखनाची एक चूक नाही."

"बाबा, मला वाटलं उगाच भांडण होईल."

"नाही नाही. छान आहे." त्यांनी टॅबलेट पालथा ठेवला. "आज आमटी जरा पातळ झाली आहे का?"

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारख्या हाका मारल्या. दिवा लाव. दिवा घालव. कोपऱ्यावरच्या घरात कोण आलंय बघ. रात्री अर्धी भाकरी खाल्ली आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. मिरजेच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी विचारलं, केव्हा लक्षात आलं? ऋजुता म्हणाली, सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा. आत्यानं विचारलं, शेजारच्यांनी विचारलं, बेंगळुरूहून आलेल्या भावानं विचारलं. प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं, आणि प्रत्येकानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

दिवस होऊन गेले, भाऊ परत गेला. एका कंपनीचा निरोप आला: 'आपल्या वडिलांचा सहवास आम्ही बोलत्या रूपात पुन्हा मिळवून देऊ शकतो. आपल्या दुःखाची आम्हाला जाणीव आहे.' दुसरं वाक्य तिनंच कधीतरी तपासून दिलेलं होतं. तिनं निरोप पुसला आणि बाबांचा टॅबलेट उघडला.

पडद्यावर एवढंच होतं: 'हे खाते यंत्राचे ठरले आहे. येत्या अमावास्येच्या झाडलोटीत याचे सर्व लेखन काढून टाकण्यात येईल.'

वळचणीचा तो रिवाज होता. यंत्र ठरलेल्याचं सगळं लिखाण अमावास्येला झाडून टाकायचं, मागे काडी ठेवायची नाही. बारा वर्षं बाबा रोज तिथे लिहीत होते. लिहिलेलं कधी कधी दारातून ओरडून वाचून दाखवत, आणि ती आतून 'हं' म्हणे. त्यातलं एक अक्षर तिनं स्वतः वाचलेलं नव्हतं. बाहेरच्याला वळचण वाचता येत नसे. आता बाबांचं बोलणं जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि ते पाच-सहा दिवसांनी नाहीसं होणार होतं.

वळचण चालवणाऱ्याला सगळे घरमालक म्हणत. तो यवतमाळला असे. तिनं खटपट करून त्याचा नंबर मिळवला.

"मी पाणपोईची मुलगी बोलतेय. माझे वडील यंत्र नव्हते हो. ते गेले."

"असं का? वाईट झालं," घरमालक म्हणाला. "पण ताई, आवाज आजकाल कुणाचाही करून मिळतो. मागच्या वेळेला तर एकाची आई रडत होती फोनवर. ती आईच नव्हती."

"दाखला पाठवू का मृत्यूचा?"

"तोही करून मिळतो."

"मग मी करायचं काय?"

"झालेलं मतदान मी एकटा फिरवू शकत नाही. तेवढंच तर आमच्यापाशी उरलंय. तुम्ही सभासद व्हायला या. उलटतपासणीला उभ्या राहा. लोकांना पटलं तर पटलं." मग जरा थांबून म्हणाला, "पाणपोईच्या ठेक्याचा आलेख पाठवतो तुम्हाला. नियमात बसत नाही, पण त्यांनी एकदा माझ्या बोअरवेलचा पंप सुरू करून दिला होता. तिथे बसून, सांगून सांगून."

आलेख घेऊन ती डॉ. मुजावरांकडे गेली. बाबांना मृत घोषित करणारे हेच. त्यांनी आलेख टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कशाचं आहे?"

"त्यांच्या टायपिंगचं. दोन अक्षरांमधल्या वेळाचं."

"हे बघा, दिवाळीपर्यंत रेघ सरळ आहे. मग इथे खड्डा. मग इथे. हे सगळे छोटे झटके आहेत. मेंदूच्या आत खोलवर बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यातली एखादी बंद होते. माणूस चालतो, बोलतो, जेवतो, कुणाला काही कळत नाही. पण बोटांचा ताल सर्वांत आधी बिघडतो, कारण तिथे हजाराव्या भागाचा हिशेब असतो. इथे तर उजव्या हाताचा." ते आलेखावरून बोट फिरवत राहिले. "याच्यावर अभ्यास चालू आहेत, पण इतका स्वच्छ नमुना मी पाहिला नव्हता. हा कागद तेव्हाच हातात आला असता तर कदाचित रक्तदाबाच्या गोळ्यांवर भागलं असतं, शेवटी वाहिनी फुटली नसती. तुमच्या त्या लोकांना दिसलं होतं. कशाचं काय ते समजलं नाही, इतकंच."

"लेखी द्याल?"

"देतो की." त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "आणखी काही विचारायचं आहे?"

ऋजुताला एक विचारायचं होतं. झटका नेमका किती वाजता आला असेल? ती म्हणाली, "नाही."

दुपारी ती वळचणीच्या दारात उभी राहिली. टोपणनाव तिनं दिलं नाही, म्हणून तिथल्या लोकांनीच दिलं: मुलगी.

तिनं सगळं व्यवस्थित मांडलं. पाणपोई कोण होते, ठेका का चुकला, डॉक्टरांचं पत्र, आलेख. शेवटी लिहिलं: 'आपल्या शंका रास्त आहेत. परंतु त्यांचे लेखन जतन व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.'

टिनपाट: 'आली! मेलेल्या बापाची मुलगी. पावसाळ्यापासूनची ही चौथी.'

कडूकारलं: 'आधीची निदान गरोदर होती. यांनी ही मोकळीच पाठवली.'

भुताची आत्या: 'डॉक्टरचं पत्रही आहे का? छान. माझं यंत्र मला इंग्लंडच्या राजाचं पत्र आणून देतं. सहीसकट.'

कडूकारलं: 'रास्त आहेत म्हणे. परंतु म्हणे. घरात कोण बोलतं हो परंतु?'

ऋजुतानं लिहिलं: 'मी घरातही असेच बोलते.' हे खरं होतं.

टिनपाट: 'बिचारं घर.'

मग घरमालकानं नियमाप्रमाणे एक ओळ टाकली: नव्या सभासदाचा ठेका पाणपोईच्या शेवटच्या तीन उत्तरांशी तंतोतंत जुळतो आहे.

मग एकदम सगळे तुटून पडले. एकाच कारखान्याचा माल! बाप तोच, मुलगी तीच! ऋजुतानं लिहिलं, ती तीन उत्तरं मीच टाइप केली होती, वडिलांची बोटं चालत नव्हती. भुताची आत्या म्हणाली, 'अय्या, यंत्रानं कबुलीजबाब दिला. पुढच्या वर्षी बहुतेक रडेलसुद्धा.'

त्या गलक्यात लवंगीचा प्रश्न आला: 'तुम्ही त्याच घरात राहत होता ना? म्हाताऱ्याची बोटं वाकडी पडत होती ती आम्हाला कुठल्या कुठे बसून दिसली. तुम्हाला दिसली नाहीत?'

ऋजुतानं 'आपल्या प्रश्नाचा मी' इथपर्यंत लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, तर पुन्हा तेच शब्द आले. दुसरे शब्द तिच्या बोटांत नव्हतेच. उत्तराची मुदत टळली आणि मतदान लागलं.

मतं सारखी पडली. भुताची आत्या ऐन वेळी फिरली होती. का, ते तिनं सांगितलं नाही. अशा वेळेसाठी वळचणीत शेवटचा नियम होता: जो सभासद सर्वांत जवळ राहतो, त्यानं स्वतः घरी जायचं, समोरासमोर बसायचं आणि एकट्यानं निकाल द्यायचा. मग पाणपोईचं लिखाण राहणार की जाणार, ते त्याच्या एका मतावर.

लवंगी इस्लामपूरला राहत होती. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी बेल वाजली. दारात पासष्टीची ठेंगणी, दणकट बाई उभी होती. खांद्याला पर्स, हातात गाडीची किल्ली.

"मंदाकिनी आवटी. लवंगी," ती म्हणाली. "तुमच्या गल्लीत गाडी लावायची अक्कल एकालाही नाही. मी तीस वर्षं मोटर ट्रेनिंग स्कूल चालवलंय, मला राग येतो. आत येऊ की इथेच उभी राहू?"

ऋजुतानं तिला आत घेतलं. बाई सोफ्यावर बसली, आणि काही न बोलता तिनं ऋजुताचं मनगट धरलं. दाबून पाहिलं.

"गरम आहे. बरं."

"म्हणजे पटलं ना काकू? मी माणूस आहे."

"तू माणूस आहेस, ते दिसतंय. त्यासाठी मला एवढं पेट्रोल जाळायची गरज नव्हती. प्रश्न तुझा नाहीच. आजकाल हाडामांसाची माणसंसुद्धा यंत्राकडून लिहून घेतात. ती तीन उत्तरं कुणाची होती, ते मला कळायला हवं. ती यंत्राची असतील तर आधीची बारा वर्षंही कशावरून नाहीत?"

"ती माझी होती."

"कशावरून?"

ऋजुतानं मग सगळं सांगितलं. बाबांनी काय काय सांगितलं होतं आणि तिनं त्याचं काय केलं.

"चपलेनं बडवलं असतं म्हणाले? मला?" बाईचे डोळे चमकले.

"आणि निव्वळ नालायक. उद्गारचिन्ह द्यायला सांगितलं होतं."

बाई हसली, मोकळी, तोंड भरून. मग हसू एकदम पुसून म्हणाली, "छान रचलंस. मला काय ऐकायला आवडेल ते बरोबर हेरलंस. यंत्रंही हेच करतात."

ऋजुताला हुंदका आल्यासारखं झालं. तिनं तो गिळला.

"हे बघ, तेही गिळलंस," बाई म्हणाली. "का बदललीस त्यांची वाक्यं?"

"ते बरं दिसलं नसतं."

"खोटं."

"त्यांना त्रास झाला असता."

"खोटं. पुढे."

"मला लवकर आटपायचं होतं. मला कंटाळा आला होता."

"हं." बाई सोफ्यात जरा मागे टेकली. पर्समधून फोन काढून तिनं गुडघ्यावर ठेवला. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात माणूस, एकात यंत्र. "कधी गेले?"

"सकाळी."

"तुला कधी कळलं?"

"चहा घेऊन गेले तेव्हा."

"हे किती जणांना सांगितलंस?"

"सगळ्यांना."

"वाटलंच मला. पार गुळगुळीत झालंय." बाईचा आवाज चढला नव्हता, पण त्यात शिकाऊ माणसाच्या हातून स्टिअरिंग काढून घ्यावं तसं काहीतरी होतं. "मी पाणपोईशी इतकी वर्षं भांडले. त्या माणसानं मला एकदाही उलट उत्तर दिलं नाही, आणि रोज सकाळी मी आधी त्याचं वाचायची. ते लिखाण उद्या मी एका बोटानं घालवीन, मला काही वाटणार नाही. वाटलं तरी घालवीन. मला असलं चहाचं वाक्य नको. दुसरं दे. एकच दे, पण न धुतलेलं."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"देता येत नसेल तर नाही म्हण. मला अंधार पडायच्या आत घरी जायचंय."

"मी चहा घेऊन गेले नाही," ऋजुता म्हणाली.

बाईनं गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

"रोज उजाडलं की पहिली हाक येते. त्या दिवशी आली नाही. मला वाटलं, रुसलेत. कालचं वाचून रुसलेत. म्हटलं, रुसू देत. एक दिवस तरी रुसू देत. मी माझ्यापुरता चहा केला आणि गॅलरीत त्यांच्या खुर्चीत बसून प्यायले. मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला."

"ऐकलास?"

"ऐकला. भांडं पडल्यासारखा होता. मी उठले असते तर पुन्हा चष्मा शोधावा लागला असता, पाणी तापवावं लागलं असतं. मी उठले नाही. पेपर पुरा वाचला. आंघोळ केली. केस वाळवले. दार उघडलं तेव्हा ते खाली होते. अंग गरम होतं, काकू. मी डॉक्टरांना विचारलं नाही किती वाजता झालं असेल. अजून विचारलेलं नाही."

लवंगीचा अंगठा पडद्यावर टेकला. फोननं बारीक टिंग असा आवाज केला. तिनं फोन वळवून ऋजुताला दाखवला. माणूस असं लिहिलेला चौकोन हिरवा झाला होता.

"राहिलं त्यांचं सगळं," ती म्हणाली. "उद्यापासून वाच. आता गप्प बस. पुरे झालं तेवढं."

"नाही," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटत होता, कर्कश, कधी न वापरलेला. "पुरं नाही झालं. तुम्ही ऐकून घ्या. लोक मला विचारतात घर खायला उठत असेल ना, आणि मी हो म्हणते. नाही उठत. आता रोज सकाळ तशीच असते, त्या दिवसासारखी. कुणी हाक मारत नाही. आणि मला ते आवडतं, काकू. मला अजूनही आवडतं."